भिंतीकडची बाजू

शाळेत दुसरा तास चालू असताना शिपायाने दारातून सांगितले, "बाई, ठाण्याहून फोन आहे." मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन मी रिसीव्हर कानाला लावला. आई एवढेच म्हणाली, "वसू गेली गं. सावकाश ये, धावपळ करू नकोस." न्यूमोनिया हे निमित्त झाले. माझी धाकटी बहीण वसुधा कशाने जाणार, हे आम्हा तिघींना बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या घरी पोहोचले, तेव्हा न्हाणीघरापासून वसूच्या खोलीपर्यंतचा पॅसेज आईने स्वच्छ पुसून ठेवला होता... भिंतीला मात्र हात लावला नव्हता. त्याला आता काही आठवडे झाले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमचा थोरला भाऊ, दादा, चालताना झोकांड्या खाऊ लागला. पायातली चप्पल निसटून मागे राही आणि त्याला कळतही नसे. "घेऊन आलाय वाटतं," असे म्हणून गल्लीतले लोक हसत. त्याने आयुष्यात कधी दारूला स्पर्श केला नव्हता. निदान झाले तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. मेंदूच्या पेशींत साचणारा टाकाऊ भाग मोडून काढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नव्हते. दादा गेला तेव्हा वसू बारावीत होती. मेडिकलला प्रवेश मिळण्याजोगे गुण असूनही तिने जीवरसायनशास्त्र घेतले. मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. ती त्या एका विकराच्या मागे लागली.

नव्वदच्या दशकात तिच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत परदेशातून खास वाणाचे उंदीर आले. इथे थोडे समजावून सांगायला हवे. एखादे जनुक काय काम करते हे ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे ते बंद करून काय बिघडते ते पाहणे. या उंदरांमध्ये दादाचेच विकर बनवणारे जनुक मुद्दाम निकामी केलेले होते. पिल्ले जन्मतः धडधाकट दिसत. मग पेशींत कचरा साचत जाई आणि हळूहळू चाल बिघडे. ती चाल तपासण्याची रीत वसूने मला एकदा दाखवली. उंदराच्या पुढच्या पायांना एक रंग लावायचा, मागच्या पायांना दुसरा, आणि कागद अंथरलेल्या अरुंद वाटेवरून त्याला पलीकडच्या अंधाऱ्या खोक्याकडे सोडायचे. निरोगी उंदराचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. आजार सुरू झाला, की तो बाजूला सरकू लागतो.

"ह्या सख्ख्या बहिणी," एका पिंजऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "एकाच वेतातल्या. हिच्यात जनुक शाबूत आहे, तिच्यात निकामी."

"मग ही धडधाकट कशाला ठेवलीस?"

"हिच्याशिवाय तिचं काय बिघडलं ते कळणार कसं?"

"आणि शेवटी हिचं काय होतं?"

तिने पिंजऱ्याचे झाकण नीट बसवले. "दोघींचं एकाच दिवशी. तुलनेला दोन्ही मेंदू लागतात, ताई."

माझे रक्त तिने केव्हाच तपासायला लावले होते. ते निर्दोष निघाले. स्वतःचे द्यायचे मात्र ती टाळत राहिली. पुढे एका वर्षी, गणपतीच्या आधीच्या रविवारी, तिने मला वह्यांना घालायचा ब्राऊन पेपर घेऊन नौपाड्याला बोलावले. पॅसेजभर कागद अंथरला आणि रांगोळीसाठी आणलेला गेरू परातीत कालवला.

"हे काय आरंभलंय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "गौरी यायला अवकाश आहे अजून."

"रंगीत तालीम गं," वसू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "परीक्षा तुझी नाही, बाई. तू नुसती माझ्याशेजारी चाल."

भिंतीकडून ती चालली, मोकळ्या बाजूने मी. कागद वाळेपर्यंत आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. तिने फूटपट्टी आणली होती, पण ती वापरली नाही. माझ्या ठशांवरून तिने नजर फिरवली, मग स्वतःच्या... भिंतीकडची पावले फाकत गेली होती, आणि एका टाचेचा ठसा लांब फरफटला होता.

"तू छान चालतेस, ताई," ती म्हणाली.

आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी होती. तिने कागदाकडे पाहिले आणि भात लावायला आत गेली. ती चाल तिने या घरात आधी पाहिली होती.

त्यानंतर वसूला पुढची प्रत्येक पायरी आधीच माहीत असे. कंप, गिळताना ठसका, अडखळती जीभ. जमले तोवर ती प्रयोगशाळेत जात राहिली. घरात भिंतीला तळवा लावून चाले. डिस्टेंपरवर त्याचा एक मळकट पट्टा उमटला. "आमच्या उंदरांसारखी कडेकडेने जाते मी," असे एकदा हसत म्हणाली.

दर शनिवारी मी आईकडे राहते. पट्टा तसाच आहे. रंगाचा विषय आई काढत नाही, मीही नाही. सकाळी न्हाणीघरातून ओल्या पायांनी निघते, तेव्हा भिंतीकडची बाजू माझ्याकडून आपोआप मोकळी सोडली जाते. आईही तशीच चालते. खोलीच्या दाराशी पोहोचले, की मी मागे वळून पाहते. फरशीवर एकच ओळ असते, सरळ, सारख्या अंतराची, आणि तिच्याशेजारी कोरडी जागा. ठसे वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहते... मी अजून छान चालते.