फ्रीजच्या दारातली बाटली

त्या सकाळी साडेसहा वाजून गेले तरी दारावर बांगडीचे दोन ठोके पडले नाहीत. मी सुई-सिरिंज उकळून ठेवली होती, फ्रीजमधली इन्शुलिनची बाटली काढून ओट्यावर ठेवली होती आणि मासळीवाल्या हिराबाईवर मनातल्या मनात चरफडत होते, कारण साडेसातला मला शाळेत हजर व्हायचं होतं. पावणेसातला दार वाजलं, पण भलत्याच हाताने. शेजारच्या शिरवणे गावाहून तिची जाऊ आली होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबली. "बाटली न् सुई दे गो बाय," ती म्हणाली. "सुगंधाला टोचाचं हाय. हिरा गेली पहाटं." मी खुळ्यासारखं विचारलं, कुठे गेली?... छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि संपलं, एवढंच तिने सांगितलं. मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. घरात हिराबाईला खाली घेतलेलं, रडारड चाललेली, आणि तरीही त्या बायकांना तिच्या लेकीच्या सुईची वेळ आठवली होती. हिराबाईने लावलेली शिस्तच तशी होती.

याला आता सहा आठवडे होतील. आम्ही नेरूळच्या नव्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा इमारतींपेक्षा चिखल जास्त होता, आणि त्या चिखलातून डोक्यावर टोपली घेऊन पहिली आली ती हिराबाई. मी कराडची, मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर घ्यायचं नाही, हे सगळं तिने मला शिकवलं आणि शिकवताना माझी यथेच्छ टिंगल केली. मी शाळेत विज्ञान शिकवते हे कळल्यावर तिने माझं नाव 'मास्तरीन' ठेवलं. अगंतुगं तर पहिल्या दिवसापासूनच. आमच्या जिन्यावर पहिला फ्रीज आमच्याकडे आला. शेजारीपाजारी सरबतासाठी बर्फ मागायला येऊ लागले, पण हिराबाईने नाक मुरडलं. त्याला ती 'थंड कपाट' म्हणायची, आणि दोन दिवसांची मासळी एकदम दे म्हटलं की सरळ टोपली उचलून चालू लागायची. तिचं म्हणणं असं, की मावरा, म्हणजे मासळी, बर्फाच्या शेजारी ठेवावा, त्याचा बर्फ होऊ देऊ नये. एकदा गोठला की मग त्याचा कापूस होतो. मी तिला गोठणबिंदू म्हणजे काय ते व्यवस्थित समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकाच दिवसाची मासळी दिली.

मग एका दुपारी ती टोपलीशिवाय आली. तिची सुगंधा तेव्हा नऊ वर्षांची होती. महिनाभर पोर घटाघटा पाणी पीत होती आणि वाळत चालली होती. इस्पितळात मधुमेहाचं निदान झालं. हा म्हाताऱ्या माणसांचा, सुखवस्तू लोकांचा आजार आपल्या पोरीला कुठून लागला, हेच हिराबाईला समजत नव्हतं. रोज सुई टोचायची, तीही जन्मभर, आणि औषध थंड जागी ठेवायचं. मासळीच्या बर्फात खोचून ठेवते म्हणाली तर डॉक्टर तिच्यावर ओरडले होते. ज्या कपाटाला तिने इतकी नावं ठेवली त्याच्याचपुढे ती येऊन उभी राहिली. "मास्तरीन, येवढीशी जागा देशील? थंड पायजे, पन बर्फ नको, आसं डॉक्टर बोललाय." मी फ्रीजच्या दारातला दुसरा कप्पा लगेच रिकामा केला. त्यातली लिंबं खालच्या भाजीच्या खणात गेली ती कायमचीच.

त्या दिवसापासून रोज साडेसहाला मायलेकी यायच्या. पहिले आठ दिवस मी टोचलं, नवव्या दिवशी हिराबाईने माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली. तिची एक पद्धत होती. बाटली दोन तळव्यांमध्ये धरून सावकाश फिरवायची, खिडकीच्या उजेडात धरून आरपार बघायची, आणि मगच सुई आत घालायची. घरी लघवी तपासायची तीही तीच. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं तर साखर बेसुमार. हिराबाईला अक्षरओळख नव्हती, पण मासळीचे कल्ले बघावेत तशी ती ते रंग बघायची आणि हिरव्या-हिरव्यातला फरकसुद्धा सांगायची. हाच प्रयोग मी आठवीच्या वर्गात करून दाखवायचे आणि मुलं खुशाल जांभया द्यायची. शिरवण्याच्या त्या घरात मात्र नळीला रंग चढेपर्यंत कुणी बोलत नसे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही... पण ते टाळून हिराबाईबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या वर्षीचा मे महिना होता. दुरुस्तीसाठी उद्या दिवसभर लाइट जाणार, अशी पाटी जिन्याखाली लागली. मी विचार केला, दिवसभरात औषध तापलं तर? म्हणून संध्याकाळी चालू आणि शिलकीची अशा दोन्ही बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. चांगल्या गार झाल्या की गारवा टिकेल, असा माझा हिशेब. पहाटे उठून बघते तो दोन्ही दगड झालेल्या. बाहेर काढून ठेवल्या, हिराबाई येईपर्यंत पातळ झाल्या, आणि मी तिला त्यातलं काहीच सांगितलं नाही. तिने नेहमीसारखी बाटली फिरवली, उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तरीन, यात रवा दिसतोय." आणि मी, बी.एस्सी. झालेली बाई, म्हणाले की थंडीने होतं तसं, काही नाही, दे. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोचलं. त्या दिवशी लाइट मुळी गेलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नळी विटकरी. हिराबाईला वाटलं, पोर चोरून आंबे खाते. सुगंधा शपथा घेत होती. तिसऱ्या दिवशी हिराबाईने तिला मारलं, चांगलं मारलं. चौथ्या दिवशी सुगंधा ओकायला लागली, श्वास भात्यासारखा चालू झाला, आणि आम्ही तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषध कुठे ठेवता हा. गोठलेलं औषध निकामी होतं, फेकून द्यायचं असतं, असं ते म्हणाले. बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. हिराबाईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, मी वाचलं नव्हतं.

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. ती मला शिव्या घालेल, शिरवणं गोळा करील, माझी तयारी होती. ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी तिला मारलं गो. पोर खरं बोलत व्हती." ते ऐकून मला जे वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. शिव्या परवडल्या असत्या.

सुगंधा वाचली. आठ दिवसांनी घरी आली. पण हिराबाई आमच्या जिन्यावर फिरकली नाही. मासळी मी दुसरीकडून घेतली, ती घशाखाली उतरेना. दारातला दुसरा कप्पा मी धुऊन पुसून ठेवला होता आणि येता-जाता उगाच उघडून बघत होते. आता ही बाई आपल्या फ्रीजवर आणि आपल्यावर कशाला विश्वास ठेवील? मी ठेवला नसता. मग एका सकाळी साडेसहाला बांगडीचे दोन ठोके पडले. हिराबाई, मागे सुगंधा. हिराबाईने नवी कोरी बाटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "दुसऱ्या कप्प्यात ठेव. न् यापुढं मना रवा दिसला, तं मी तुजं आयकनार नाय." बस्स. माफ केलं वगैरे शब्द तिच्या तोंडात कधीच नव्हते. पुढची पाच वर्षं ती रोज येत राहिली, आणि बाटली उजेडात धरली की एक डोळा माझ्याकडे असायचा. मी त्या डोळ्याला भ्यायचे आणि त्याची वाटही बघायचे.

तिच्या जावेने नेलेली बाटली परत आली नाही. शिरवण्यातही आता फ्रीज आलेत, सुगंधाच्या काकांकडेच आहे. तेरा दिवस झाले, चौदावा झाला. यापुढे सुगंधा कशाला येईल, आणि का यावं तिने, असं मी स्वतःला समजावत होते. पण त्या कप्प्यात लिंबं ठेवायला काही माझा हात पुढे झाला नाही. सोळाव्या दिवशी साडेसहाला दारावर दोन ठोके पडले, बांगडीचेच. मी धावत जाऊन दार उघडलं. सुगंधा एकटी होती. सोळा वर्षांची पोर, डोळे सुजलेले, हातात ओल्या फडक्यातली बाटली. काकांच्या फ्रीजमध्ये जागा नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आहे की. पण आईची जागा इथं आहे."

मी सिरिंज उकळत ठेवली. तिने बाटली दोन तळव्यांत धरली, सावकाश फिरवली आणि खिडकीकडे गेली. मला राहवलं नाही. म्हटलं, चांगली दिसतेय गं, इथून दिसतंय मला. सुगंधाने मागे वळूनही बघितलं नाही. "थांबा बाई," ती म्हणाली. "मला बघू द्या. आई सांगून गेलीय, यात तुमचं ऐकायचं नाही."

मी थांबले. तिने पुरतं बघून घेतलं, सुई टोचून घेतली आणि बाटली दुसऱ्या कप्प्यात ठेवून दार लावलं.