बहरातली फवारणी

"थांबा! पंप बंद करा!"

मी बांधावरून ओरडतच पळाले. खोडदला बबनराव आपल्या कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये कीटकनाशक फवारत होते. सकाळचे दहा वाजलेले, पांढरे गोंडे पूर्ण फुललेले आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड.

"तुमच्याच पोरीनं सांगितलं, म्याडम," ते गोंधळून म्हणाले.

पोरगी म्हणजे ऋतुजा. मी कृषी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. ही माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, वर्गात पहिली. या वर्षात मुलांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं.

"मॅडम, फुलकिडे दिसले. डोस बरोबर काढलाय," ती वही पुढे करत म्हणाली.

"आणि या माश्या?"

"त्या मध न्यायला येतात ना? कांद्याशी त्यांचा काय संबंध?"

"बी कसं धरतं?"

"परागीभवनाने." पाठोपाठ अख्खी व्याख्या, एका दमात.

"इथे ते कोण करतं?"

"वारा... असेल?"

मी कपाळाला हात लावला. कांद्याच्या फुलातले पराग आधी गळतात, त्याच फुलाचा स्त्रीभाग नंतर तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलातून यावे लागतात. ते चिकट असतात, वाऱ्याने फारसे उडत नाहीत. माशीच्या अंगाला लागून जातात. वर्गात यावर मी दोन तास घेतले होते.

बबनराव हळूच म्हणाले, "बांधावर माश्यांच्या पेट्या कशापायी ठेवल्यात ते मला ठावं व्हतं. पर शिकलेली पोर सांगतीया, म्हनलं आपलंच चुकत असंल."

मला ऋतुजापेक्षा या वाक्याचा जास्त राग आला.

चार ओळी फवारून झाल्या होत्या. खाली माश्या पाय झाडत पडल्या होत्या. ते गोंडे तसेच ठेवले असते, तर दिवसभर आणखी माश्या येऊन मेल्या असत्या.

"कापावे लागतील," मी म्हणाले. बबनरावांनी मान हलवली. चार ओळींचं बी गेलं.

ऋतुजाने हातमोजे घालून सगळे गोंडे स्वतः कापले. रडत होती, पण थांबली नाही.

उरलेल्या प्लॉटमध्ये बी चांगलं भरलं. तिचा जुना पेपर मात्र मी मुद्दाम काढून पाहिला. 'परागीभवनाची व्याख्या लिहा.' पूर्ण मार्क. प्रश्न माझा, मार्कही मीच दिलेले.

आता प्रॅक्टिकलला मी मुलांना फुललेल्या प्लॉटपाशी उभं करते आणि विचारते, "औषध कधी मारायचं?"

अर्धी मुलं अजूनही डोस सांगतात.