लाटा करून देणारा शेजारी

आर्डिस होल्मक्विस्टला मिनेसोटातल्या त्या तळ्यावर सगळे ओळखत, आणि तिच्या विमानाला तिच्याहून जास्त. पिवळं, दोन माणसांचं, चाकांच्या जागी दोन लांबट तरंगे लावलेलं. पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं. उभी हयात तिने शाळेची बस चालवली आणि बसचा पगार विमानाने खाल्ला. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायची, "घरापुढच्या धक्क्याला एकच जागा आहे."

तळं सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. होडीवाले, गळ टाकणारे, पोहणारी पोरं आणि आर्डिस, यांचं कधी वाजलं नाही. उतरण्याआधी ती वरून एक चक्कर मारून कोण कुठे आहे ते बघून घ्यायची. वारा पडला की निश्चल पाणी तरंग्यांना धरून ठेवतं, विमान सुटता सुटत नाही. अशा वेळी शेजारीपाजारी कुणीतरी न सांगता मोटरबोट काढून पाण्यात लाटा करून द्यायचा. ती त्याला कॉफी पाजायची, की झालं.

मग शहरातला गॅरेट व्हिटकॉम समोरच्या काठावर सुट्टीचं घर बांधून आला. एकदा तिने त्याच्याकडे लाटा मागितल्या, तर म्हणाला, "माझी बोट काय तुमच्या सेवेला ठेवलीय?" त्याची बोट दिवसभर तळं घुसळायची, ते चालायचं, हिच्या विमानाने मात्र त्याची शांतता भंगायची. त्याने नव्या घरवाल्यांना गोळा केलं आणि तळ्यावर विमानांना बंदी घाला म्हणून काउंटीच्या, म्हणजे तिथल्या तालुक्याच्या, मंडळाकडे अर्ज केला. बंदी आली तर आर्डिसला आपल्याच धक्क्यावर आपलंच विमान आणता येणार नव्हतं. दुसरं तिच्याकडे होतं काय?

पण तिला घोर नव्हता. असल्या बंद्यांशी भांडायला वैमानिकांची संघटना होती आणि तिचा अध्यक्ष होता लायल ब्रेक्के. लायल उडायला शिकला तो आर्डिसच्याच विमानात, याच तळ्यावर. तिने त्याच्याकडून घोटून घेतलेला पहिला धडा असा: पाणी आरशासारखं असलं की आपण किती उंच आहोत ते डोळ्यांना कळत नाही, तेव्हा मधोमध उतरू नये, काठ धरून उतरावं, झाडांवरून उंचीचा अंदाज येतो. मधोमध उतरायला गेलेले दोघेजण तिने स्वतः पाण्यातून ओढून काढले होते, एक जिवंत.

कुठल्याही बैठकीला न्यायची तशा लिंबाच्या वड्या करून ती सुनावणीला घेऊन गेली. व्हिटकॉमने एक फोटो दाखवला: पिवळं विमान अगदी काठालगत, खाली. म्हणाला, ही बाई मुद्दाम आमच्या धक्क्यांना घासून जाते. आर्डिस समजावू लागली तर मंडळाचा प्रमुख म्हणाला, तुम्ही तर असंच म्हणणार. त्याने संघटनेतर्फे आलेल्या लायलला विचारलं, काठालगत उतरणं गरजेचं असतं का? लायलने हातातली वडी संपवली आणि, प्रत्येक वैमानिकाची पद्धत वेगळी असते, एवढं बोलून खाली बसला. मतासाठी हात वर झाले. तिचं तळं बंद, तालुक्यातली तीन मोठी तळी विमानांना खुली. धक्क्यावरचं विमान काढून न्यायला एक उड्डाण दिलं, परत यायचं नाही.

बाहेर गाडीपाशी तिने लायलला गाठलं.

"तुझं तळं लहान आहे, आर्डिस," तोच आधी बोलला. "ते सोडलं म्हणून तीन राहिली. मंडळाशी आधीच ठरलं होतं."

"निदान काठाचं तरी खरं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस. मग हे घरवाले त्या तिन्ही तळ्यांच्या मागे लागले असते." मग मान खाली घालून म्हणाला, "मोठ्या तळ्यावर माझ्या धक्क्याला विमान लाव. पैसे नको देऊस."

"तुला शिकवलं, तेही फुकटच," ती म्हणाली आणि वड्यांचा रिकामा डबा घेऊन घरी गेली.

विमान काढून न्यायच्या दिवशी वारा ठार पडलेला. आर्डिस तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवत गेली, विमान पाणी सोडेना. वळून पुन्हा तेच. जुने शेजारी एक तर मेलेले, नाही तर घरं विकून गेलेले. तिच्या मनात एक वेडी आशाही आली, की नाहीच सुटलं तर?

तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज आला. व्हिटकॉम होता. त्याने तिच्यासमोर ऐसपैस गोल फेऱ्या मारल्या, छान लाटा केल्या, अगदी पूर्वीचे लोक करायचे तशा. बोट बाजूला घेऊन तो हसत ओरडला, "एवढ्या पुरेत ना?"

पुरल्या. तरंगे पाण्यातून सुटले, विमान वर आलं. आणि त्याच्या डोक्यावरून जाताना, इतक्या वर्षांच्या सवयीने, आर्डिसने हात उंचावून त्याचे आभार मानले. त्या हाताला तिने पुढे कधी माफ केलं नाही.