ब्रेक ठीक होते

घरात मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. बाहेर एकदाच बोललो. ते का बोललो तेही पुढे येईल, आणि ते ऐकून माझ्याबद्दलचं तुमचं मत काही सुधारणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं काही कारण नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

माझ्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती. दोन दारं, दोन सीट, बटण दाबलं की छप्पर मागे दुमडायचं. सेकंडहँड घेतलेली. परळमध्ये असली गाडी ठेवणं म्हणजे शुद्ध चैन — अर्ध्या रस्त्यावर खड्डे, उरलेल्या अर्ध्यावर सिग्नल. पण हौस होती. गिरणी कामगाराचा मुलगा, काळाचौकीच्या चाळीत एका खोलीत वाढलेला, इंजिनीअर झाला, टॉवरमध्ये राहायला गेला — त्याने मिरवू नये? मिरवलं मी. पोटभर मिरवलं.

यंदा ती देऊन नवीन घ्यायची की नाही यावर घरात तीन महिने काथ्याकूट चालला होता. तीच गाडी, नव्या रूपात बाजारात होती. मृणाल, माझी बायको, म्हणायची की ही आता म्हातारी झाली, हिचे पार्ट मिळत नाहीत, तुझे गुडघे वाकत नाहीत, एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. मी रोज नवी सबब काढायचो. नवीनचा आवाज बरोबर नाही. नवीनला गिअरचा दांडाच नाही. असला लाल रंग आता येत नाही. मित्र म्हणायचे, याचा जीव अडकलाय त्या गाडीत. मी हसायचो. हळवा माणूस म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

खरं वेगळंच होतं. ती गाडी डोळ्यांसमोरून जावी असं मला रोज वाटायचं. आणि ती गेली की मग मी कधीच काही बोलणार नाही, हेही पक्कं ठाऊक होतं. ती खाली पार्किंगमध्ये उभी होती तोवर, उद्या सांगू, असं म्हणता तरी येत होतं.

माझा मोठा भाऊ — दादा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी पहिलीत होतो आणि तो सोळा-सतराचा. शाळा सोडून तो भोईवाड्यात एका गॅरेजात लागला, आणि पुढे तिथेच त्याने स्वतःचा गाळा घेतला. दादाच्या काळ्या नखांवर मी शिकलो — हे वाक्य मी कार्यक्रमांतून म्हणतो. लोकांना आवडतं.

लाल गाडी घेतली तेव्हा ऑफिसातले म्हणाले, ही गल्लीतल्या मेकॅनिकचं काम नव्हे, कंपनीच्या वर्कशॉपला ने. मी म्हटलं, माझा भाऊ बघेल. दादाने तिचं जाडजूड मॅन्युअल नेटवरून काढायला लावलं. मी इंग्रजी मोठ्याने वाचायचो आणि तो गाडीखाली पडून हं हं करत ऐकायचा. रविवारचे रविवार आम्ही असे घालवले. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते विचाराल तर तेच. त्यानेच मला एकदा ब्रेकपाशी बोटाच्या पेराएवढा नट दाखवला होता. ब्रेकमधली हवा काढायला तो सैल करतात. म्हणाला, पॅड बदलल्यावर हा आवळायला विसरलं की माणूस गेला.

लक्षात ठेवलं मी. अगदी नीट लक्षात ठेवलं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनीचं — दादाच्या बायकोचं — मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वय काही फार नव्हतं, पण साखर होती. ऑपरेशन झालं गिरगावात. दुसऱ्या दिवशी तपासणीला मी तिला नेलं, कारण दादाकडे काम होतं आणि मला माझ्या गाडीतून कुणाला तरी फिरवायचंच असायचं. दादाने दोनच दिवसांपूर्वी गाडीला नवीन ब्रेक पॅड बसवले होते. डॉक्टरांनी सगळं उत्तम आहे सांगून डोळ्यावर पुन्हा पट्टी लावून दिली. तिथून काळाचौकीची दादाची चाळ ती किती लांब? पण मी म्हटलं, वहिनी, चला, फ्रीवेवरून अँटॉप हिलला उतरून मागे फिरू, जरा वारा खा.

छप्पर उघडं होतं. एक डोळा पट्टीखाली, दुसरा वाऱ्यामुळे मिटलेला, पदर दातांत धरून वहिनी बसली होती. मी विचारलं, भीती नाही ना वाटत? तर म्हणाली, "ह्यांच्या हातची गाडी ती. माका कसला भ्या?"

आणि तेवढ्यात उजव्या बाजूने एक पांढरी गाडी गेली. मॉडेल माझ्याच गाडीचं, पण त्या वर्षीचं नवीन. चालवणाऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच मला लागलं. त्याने बघितलं असतं तर कदाचित — नाही, हे कदाचित वगैरे नको. मी पाय दाबला. शेजारी ऑपरेशन झालेली बाई बसली होती आणि मी एका अनोळखी माणसाशी शर्यत लावली. चाळिशी उलटलेला माणूस. उतारावरचं वळण आलं तेव्हाही माझी नजर त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर होती. ब्रेक मी उशिरा दाबला. फार उशिरा. दाबला तेव्हा तो लागला, चांगला कचकन लागला, पण तोवर कठडा आला होता.

मला खरचटलंही नाही. वहिनीच्या तोंडावर एअरबॅग फुटली. आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर.

तो डोळा गेला.

आतापर्यंत जे सांगितलं तो माझा गुन्हा आहेच. पण मी लपवलेली गोष्ट ही नव्हे.

इस्पितळात दादा धावत आला. हात तसेच ग्रीसने माखलेले. वहिनीला आत नेलं होतं. त्याने मला खांद्याला धरून वरपासून खालपर्यंत चाचपलं, कुठे लागलंय का बघितलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "ब्रेक लागलो नाय काय रे?"

मी काही रचलं नव्हतं. उत्तर त्यानेच माझ्या हातात दिलं. मला फक्त मान हलवायची होती, ती मी हलवली.

एवढ्यावर थांबलो असतो तर, घाबरला होता, भेदरला होता, असं काहीतरी स्वतःला सांगता आलं असतं. दादाला गाडी बघायची होती. त्याने बघू नये म्हणून मी ती त्याच संध्याकाळी कंपनीच्या वर्कशॉपला पाठवून दिली. आठवड्याने त्याने विचारलं, काय गावला त्यांका? तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. त्यांच्या चाळीचा जिना चढतानाच मी शब्द ठरवले होते. म्हटलं, दादा, हवा काढायचा नट सैल राहिला होता.

माझा धंदा माहिती आहे तुम्हाला? मी जुन्या इमारती तपासतो. कुठला खांब कशामुळे खचला, कुठली भिंत कुणाच्या चुकीने फुटली, हे मी सही करून लिहून देतो. लोक माझ्या शब्दावर घरं रिकामी करतात. दादानेही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. एवढंच म्हणाला की आवळल्याचं आठवत होतं. आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

तरी अजून सगळं सांगून झालेलं नाही.

महिन्याभराने दसरा आला. दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा असायची. पाने, जॅक, हातोड्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची, आणि मग दादा गाऱ्हाणं घालायचा. आम्हा कोकणातल्या लोकांत घरातला मोठा हात जोडून देवाला सगळं मोठ्याने सांगतो, मागतो, आणि भोवती उभे असलेले प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे हे एकट्याचं नाही, आम्ही सगळे साक्षीला आहोत. त्या दसऱ्याला वहिनीही आली होती, काळा चष्मा लावून. दादा उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या हातांनी चूक केली. एक नट सैल रवलो. माझ्या घरच्या लक्ष्मीचो डोळो गेलो. त्येची शिक्षा काय ती माका दी, पण माझ्या भावाक काय होऊ देव नको, म्हाराजा."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. वहिनी म्हणाली. मीही म्हणालो.

माझा आवाज कापला नाही. मी देवाधर्माचं फारसं मानत नाही, तेव्हा देवासमोर खोटं बोललो याचं मला काही नाही. पण दादा मानतो. त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे कोर्टातल्या साक्षीहून मोठा. त्याने स्वतःवर आरोप ठेवला आणि मी हात जोडून सांगितलं, हो, हाच तो.

पुढच्या सोमवारी त्याने गाळा बंद केला. पुन्हा पान्याला हात लावला नाही. आता साठीचा आहे तो. इतकी वर्षं आमच्याच टॉवरच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून घ्यायच्या कामावर आहे. ते काम मीच लावून दिलं, आणि त्याबद्दल तो माझे उपकार मानतो. घरातला पंखा बिघडला तरी बाहेरून माणूस बोलावतो. म्हणतो, माझ्या हाताचा भरोसा नाय. रोज सकाळी माझी लाल गाडी त्याच्यासमोरून बाहेर पडायची आणि तो दुसरीकडे बघायचा. नऊ वर्षं मी ते आरशातून पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. काच खाली करून तीन शब्द बोलायचे. किती वेळ लागतो?

आता शोरूमचं सांगतो. शेवटी गाडी दाखवायला न्यायचं ठरलं तेव्हा मृणालनेच दादाला माझ्याबरोबर पाठवलं. आमच्या घरात दादाने बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कधी गाडी घेतली गेली नव्हती. तो बाहेरच्या सोफ्यावर अगदी कडेला बसला. जुनी गाडी तपासणाऱ्या मुलीने मला आत बोलावलं. तिच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं, त्यामुळे पुढचा भाग नव्याने रंगवलाय, एअरबॅग बदलल्यात, हे तिला कळलंच होतं. तिने विचारलं की अपघात कशामुळे झाला. ब्रेक वगैरे निकामी झाले असतील तर गाडी संशयास्पद धरतात, म्हणाली, मग एक्स्चेंज होणं कठीण. ड्रायव्हरची चूक असेल तर काही प्रश्न नाही.

"माझी चूक होती," मी म्हणालो. "मी जोरात होतो. ब्रेक ठीक होते."

श्वास घ्यायलासुद्धा थांबलो नाही. नऊ वर्षं जे वाक्य माझ्या घशातून वर येत नव्हतं, ते नवीन गाडीसाठी पटकन आलं. तिने मान वर न करता टाइप केलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी सही केली.

बाहेर आलो तर दादा उभा. आतलं त्याला ऐकू गेलं नव्हतं, काचेचं जाड दार होतं. त्याने विचारलं, अपघाताचं विचारल्यानी काय? मी म्हटलं, हो.

"मग माझा नाव सांग," तो म्हणाला. "मेकॅनिकची चूक होती म्हणान सांग. गाडीची नाय, तुझी नाय. हवी तर मी सही करतंय." वाचायचा चष्मा त्याने आधीच खिशातून काढून हातात धरला होता.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? कागद आत होता, माझ्या सहीचा, शाईसुद्धा वाळली नसेल. मी म्हणालो, नको दादा, झालं काम.

गाडी तिथेच राहिली. आम्ही टॅक्सीने परत आलो. लालबागला दादाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं की गाडी द्यायचं ठरल्यापासून वहिनी त्याला म्हणत होती, भावोजींचा जीव आहे त्या गाडीत, तरी ते ती देतायत, का ते समजा. "माका रोज ती बघूक लागू नये म्हणान दिलंस मा?" तो म्हणाला. "माका कळता रे, बाबू." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत त्याने माझे असे आभार कधी मानले नव्हते.

मी म्हणालो, असू दे रे दादा, तुझ्यापुढे गाडीचं काय.