पोरगी नेईन तिथं जायाचं

अप्पा आज पहाटे गेले. ते शिक्षक नव्हते.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर जो तो 'आदर्श शिक्षक' लिहितोय, म्हणून सांगितलं. माझे वडील पेपर मिलमध्ये फिटर होते. बुऱ्हाणपूर ते नेपानगर, रोजचं ट्रेनने अप-डाउन.

शिकवायची खोड मात्र जबरदस्त. आणि ती प्रवासातच उसळायची.

असीरगडावर नेलं की पाण्याची बाटली उघडायच्या आधी प्रश्न.
एवढ्या उंचावर सैन्य पाणी कुठलं प्यायचं? शोधा.
आम्ही तहानलेले, तळी शोधत फिरायचो. खरं सांगते, मजा यायची.

स्टेशनवर नियम वेगळा. मुलांनी पुढे चालायचं, मोठ्यांनी एक शब्द बोलायचा नाही.
"पोरगी नेईन तिथं जायाचं," अप्पा म्हणायचे.

मामाचं लग्न भुसावळला होतं. आई एकुलती बहीण, म्हणजे करवली. नवरदेवामागे कऱ्हा घेऊन तिनेच उभं राहायचं. महिनाभर तेवढंच बोलत होती.

मी तिसरीत. एका प्लॅटफॉर्मवर नटलेली माणसं दिसली. मला वाटलं, लग्नाला जाणारी गाडी हीच. सगळ्यांना चढवलं.

गाडी निघाली खंडव्याकडे. साफ उलटी.

नेपानगरला उतरल्यावर अप्पा म्हणाले, "आता सांग, कुठं चुकली तू?"
त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

परतीची गाडी मिळून भुसावळला पोचलो, तोवर अक्षता पडल्या होत्या. कऱ्हा आईच्या चुलत बहिणीच्या हातात होता.

गाडीची पाटी वाचायला मी त्या दिवशी शिकले. परत कधी चुकले नाही, हेही खरं.

आई भांडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. लोक म्हणायचे, किती समजूतदार बाई.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात अप्पांनी आपणहून विषय काढला.
"भुसावळच्या दिवशी मले माहीत होतं, गाडी उलटी आहे."

आई मोसंबी सोलत होती. मान वर केली नाही.
"मले बी माहीत होतं. रोज त्याच गाडीसाठी तुमचा डबा भरायची मी."

"मग बोलली काहून नाही?"

"गाडी सुटेपर्यंत पाहत होती, तुम्ही माह्यासाठी तोंड उघडता का."


अप्पा म्हणाले, "उतरायला पाहिजे होतं."

आई म्हणाली, "हो."

दुपारी चारला सिंधीपुऱ्यातल्या घरून निघू, तापीकाठी. ज्यांना यायचंय त्यांनी यावं.

अप्पा, खूप वाईट वाटतंय. नमस्कार.