सरांच्या चित्रातली कडेची माणसं

"ताई, कडा दाबू नका हं." दुकानात पाऊल टाकलं की सरांचं हे पहिलं वाक्य. काउंटरवर चित्र उलगडायचं, दोन्ही तळवे त्याच्या दोन्ही कडांवर ठेवायचे आणि माझ्याकडे असं बघायचं, जणू मी कात्री घेऊनच उभी आहे.

आमचं फ्रेमचं दुकान इंदिरानगरात, वडिलांपासूनचं. चित्राभोवती पुठ्ठ्याचा माउंट बसवला की बोटभर कड त्याखाली जातेच. त्यानं कोणाचं काही अडत नाही. तुम्हीच आठवून बघा, तुमच्या भिंतीवरच्या फोटोच्या कडेला काय आहे, सांगता येतंय? सरांचं मात्र सगळं तिथेच असायचं. निवृत्त चित्रकला शिक्षक. घडीचं स्टूल घेऊन बाजारात बसायचे आणि दिसेल ते जलरंगात उतरवायचे. मधे देऊळ, नाहीतर भाजीचे ढीग. पण अगदी काठावर एखादी बाई तुटकी चप्पल हातात घेऊन एका पायावर उभी, एखादं कुत्रं पोत्याला पाठ घासतंय, कोणी म्हातारा इकडेतिकडे बघून दुसऱ्याच्या टोपलीतलं द्राक्ष तोंडात टाकतोय.

"मधे काय, मधे मोठी माणसं असतात," ते म्हणायचे. "आमची आई फुलं घेऊन बाजारात बसायची. जागा मिळायची ती कडेलाच. मी तिच्या पाटीमागून जग बघितलंय. लय गंमत असते तिथं." शहराच्या वेशीवर त्यांच्या घरची फुलशेती होती. एरवी सर शुद्ध बोलायचे. आईचा विषय निघाला की 'लय' यायचं.

मी फटकळ. "सर, त्या द्राक्षचोराला झाकू का? पकडला जायचा."

"नका हो," ते खरंच काकुळतीला यायचे, "त्यानं एकच खाल्लंय."

होळीनंतर येवल्याच्या कांदाबाजाराचं चित्र आलं. मधे कांद्याच्या गाड्या, रंग असा की डोळ्यांत पाणी यावं. मी मापाला पट्टी ठेवली आणि थांबले. डाव्या कडेला कोणीच नव्हतं. कोरा कागद होता.

"सर, कडेची माणसं आज सुट्टीवर?"

त्यांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं. "त्या दिवशी नव्हतं कोणी."

"कांदाबाजारात? कोणी नव्हतं?" मी हसले. ते हसले नाहीत.

पुढच्या चित्रात उजवी कडही रिकामी. त्यांच्या प्रदर्शनात लोक म्हणाले, "सरांच्या चित्रात आता केवढी शांतता आली आहे!" सर नमस्कार करत होते आणि मला वडील आठवत होते. माझ्या वडिलांना काचबिंदू झाला, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. समोरचा खिळा अचूक ठोकायचे आणि शेजारच्या दारावर खांदा आदळायचा. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून मिटत येते आणि माणसाला पत्ता नसतो.

पुढच्या खेपेला मी चहाचा कप मुद्दाम सरांच्या डाव्या कोपराजवळ ठेवला. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "आज चहा नाही वाटतं?"

मी कप उचलून त्यांच्या समोर ठेवला आणि म्हटलं, "विसरलेच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. साऱ्या कॉलनीला तोंडावर बोलणारी मी, पण इथे अडले. वडिलांना मीच सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी हातोडी कधी उचलली नाही. माझ्या एका वाक्यानं सरांच्या हातून ब्रश सुटला तर? याची मला भीती वाटायची. न सांगण्याची तर त्याहून वाटायची.

कारण सर स्कूटर चालवत होते. मागे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मांडीवर काच बसवलेली फ्रेम, तिला दोन्ही हातांनी कवटाळलेलं, म्हणजे स्वतःला सावरायला हात मोकळा नाही. आमच्या नाक्यावर डावीकडून रिक्षा सुसाट येतात. स्कूटरचा आवाज नाका ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मी दारात देवाचं नाव घेत उभी राहायची. मग आत येऊन स्वतःला म्हणायची, उद्या नक्की सांगू. असं तीन महिने चाललं.

एका सकाळी दोघं चालत आले. सरांचं कोपर सोललेलं, काकूंच्या मनगटाला प्लास्टर.

"रिक्षा कुठून आली, कळलंच नाही," सर म्हणाले.

"फ्रेमची काच फुटली हो," काकू माझी माफी मागत होत्या. "तुमची मेहनत वाया गेली."

मला रडू फुटलं. रडतरडतच सांगितलं, "सर, आजच्या आज डोळे दाखवा. काचबिंदू असेल."

काचबिंदूच निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची, थोडं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्याभरानं सर रिक्षातून आले ते वर्षभराची चित्रं घेऊन. दुकानाच्या भिंतीला ओळीनं उभी केली. प्रत्येकासमोर वाकून, मान आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून बघत गेले.

"हे संक्रांतीचं. ही बाई आहे. हे येवल्याचं. इथं कोणी नाय. हे पुढचं. इथं नाय, इथं बी नाय." मग माझ्याकडे वळले. "ताई, पट्टी तर तुम्ही कडेलाच लावता. तुम्हाला कधी कळलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मागे काकू प्लास्टरचा हात पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या हाताकडे बघून मी म्हटलं, "शेवटच्या चित्रात, सर. आत्ता आत्ताच."

सरांनी येवल्याचं चित्र उचललं, जरा वेळ हातात धरलं.

"असंल," ते म्हणाले. बाकीची चित्रं गोळा केली आणि गेले.

त्यानंतर सर दुकानात आले नाहीत. चित्रं अजून काढतात, असं कानावर येतं. काकू शेजारी बसून बाजूला काय चाललंय ते सांगतात म्हणे. फ्रेमा दुसरीकडे करून घेतात.

परवा काकू भाजीबाजारात दिसल्या. मनगट किंचित वाकडं राहिलंय, पिशवी दुसऱ्या हातात होती. छान हसल्या, सर ठीक आहेत म्हणाल्या. मी ठरवलं, आता सांगायचंच. मला होळीनंतरच कळलं होतं काकू, मी तीन महिने गप्प बसले. तोंड उघडलं. त्या वाट बघत होत्या. मी वळून भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला.