प्रोटीनचा पीआय किती आला?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पुसदच्या आमच्या बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटात ते सिंकमधल्या टेस्टट्यूबांसारखे साचतात. धुवायला कोणी येत नाही!

आमच्याकडे निम्मे किस्से पीआयचे. प्रोटीनवरचे प्लस आणि मायनस चार्ज ज्या पीएचला फिटतात, तो त्याचा पीआय. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, प्रत्येकाला एक अक्षर. ती अक्षरं मोजायची, तक्त्यातून चार्ज मांडायचे, शून्य कुठं येतं ते बघायचं. एवढंच!

पण तक्ते दोन. एक माझा, एक हेड राऊत सरांचा. प्रोटीन एकच, उत्तरं दोन! वर्गात शिकवतानाच आमचं चांगलंच जुंपलं. मागून नेरचा अमोल म्हणाला, "सर, पेपर कोण तपासून राह्यलं तेवढं सांगा. त्याइचाच तक्ता वापरतो!"

याच अमोलचा पीआय एकदा बारा आला. राऊत सर भडकले, "अबे, हे प्रोटीन हाय का कपडे धुवाचा सोडा? मायनसवाले काहून नाही मोजले?"

"ते उद्या मोजतो, सर!"

प्रॅक्टिकलला आम्ही दुधात थेंब थेंब आम्ल टाकतो. पीएच पीआयवर आला की दुधातलं प्रोटीन खाली बसतं. एकदा काही केल्या बसेना. मीटर तपासलं, आम्ल बदललं, सगळे घामाघूम. शेवटी राऊत सरांनी विचारलं, "दूध कोठून आणलं?"

"कॅन्टीनमधून."

"मंग प्रोटीन असन तर बसन ना बाप्पा!"

आता शबानाचा किस्सा. आर्णीची पोरगी, वडिलांचं टू-व्हीलरचं गॅरेज. अमरावतीच्या एका लॅबमध्ये तिची नोकरी पक्की होती, फक्त एमएस्सीची व्हायवा पास व्हायची होती. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच तापट. उलट बोलला म्हणून आदल्या बॅचच्या एकाला त्यांनी नापास केलं होतं. मला पोरीची खरंच काळजी वाटत होती.

व्हायवाला परीक्षकांनी तिच्यापुढे कागद सरकवला. "हे प्रोटीन. पीआय काढ."

शबाना कागदावरची अक्षरं पुन्हा पुन्हा तपासायला लागली. शेजारी राऊत सरांनी सवयीनं आकडेमोड करून टाकली. "पाच पॉइंट एक!" परीक्षकांनी मान डोलावली.

"तुझा किती?"

"सर, रागावू नका," शबानानं कागद त्यांच्याकडे वळवला, "पण हे प्रोटीन नाही. याच्यात वीसपैकी ए, टी, जी, सी चारच अक्षरं आहेत. हा डीएनए आहे."

राऊत सर खिडकीबाहेर बघायला लागले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "याचं आधी प्रोटीन बनव. मंग पीआय काढ!"

डीएनएच्या तीन अक्षरांचं एक अमिनो आम्ल होतं, म्हणून तिनं तीन-तीन अक्षरांवर पेन्सिल टेकवत वाचायला सुरुवात केली आणि लगेच थांबली.

"सर, तिसऱ्या तिकडीलाच 'स्टॉप'ची, म्हणजे थांबायची खूण आली. प्रोटीन इथंच संपलं."

परीक्षकांनी तिच्या नावापुढे 'पास' लिहून सही ठोकली.

"मंग व्हायवा बी इथंच संपली! राऊत, चहा सांगा."